क्रूझर आणि स्पोर्ट-टूरर: संथ वेगातली तुलना नीट कशी करायची

क्रूझरवर (बुटकी, लांब, आरामात बसायची मोटरसायकल) बसायचं, दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या की 'ही सोपी' म्हणायचं. मग स्पोर्ट-टूररवर (उंच, वेगवान, लांबच्या प्रवासाची मोटरसायकल) बसायचं, चवड्यांवर उभं राहावं लागलं की 'ही अवघड' म्हणायचं. बहुतेकांची तुलना इथेच संपते आणि इथेच चुकते. टाचा टेकतात का, हा उभ्या गाडीचा प्रश्न आहे. ताशी ८ किमीने गाडी वळवताना पाय पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर असतात. तिथे सीटच्या उंचीला फारसं कुणी विचारत नाही. पुढच्या चाकाची भूमिती, हँडल किती वळतं, क्लच कुठे पकडतो आणि मागचा ब्रेक किती हळुवार लागतो, यावर सगळं ठरतं.

दुसरी चूक म्हणजे दोन्ही गाड्या एकाच सवयीने चालवणं. या दोन जातींच्या खोड्या वेगळ्या आहेत. क्रूझरचं हँडल वळणात आपणहून आत पडतं आणि गाडी लवकर जमिनीला घासते. स्पोर्ट-टूररचं हँडल लवकर अडतं, आणि ती थांबताना कलली तर वजन एकदम अंगावर येतं. स्वतःच्या गाडीच्या सवयी घेऊन दुसरीवर बसलात, तर दोष कायम दुसरीतच दिसणार. खाली दिलेला क्रम याच कारणाने असा आहे. टप्पे उलटसुलट करू नका.

## टप्पा १: जागा आणि खुणा

सपाट, कोरडी, खडी-वाळू नसलेली जागा हवी. साधारण १२ मीटर रुंद आणि २५ मीटर लांब. किंचितही उतार नाही ना, हे पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा, घरंगळते का. वळणात तो उतार तुमचे आकडे बिघडवेल.

खुणांसाठी खडू किंवा अर्धे कापलेले टेनिसचे चेंडू वापरा. विटा, दगड, पाण्याचे कॅन नकोत, कारण चाक त्यावर चढलं तर सराव तिथेच संपतो. मोजायला फीत, वेळेसाठी मोबाइल आणि शक्यतो सोबत एक माणूस. गाडी पडली तर उचलायला दोघं बरे. हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घालाच. संथ वेगात गाडी पडते ती बहुधा घोट्यावरच.

## टप्पा २: गाडी आधी सरळ करा

ताणलेल्या क्लच केबलची गाडी आणि नीट लावलेली गाडी यांची तुलना म्हणजे त्या दोन केबलींची तुलना. म्हणून आधी हे बघून घ्या:

- दोन्ही टायरमधली हवा थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर. पुढच्या चाकात हवा कमी असेल तर हँडल जड होतं आणि आपण उगाच भूमितीला दोष देतो.
- क्लच केबलचा असेल तर लिव्हरला बहुतेक गाड्यांत २ ते ३ मिमी मोकळीक हवी. हायड्रॉलिक असेल तर लिव्हरचं अंतर बोटांप्रमाणे लावा.
- थ्रॉटलची मोकळीक जास्त असेल तर रेस देताना आधी काहीच होत नाही, मग एकदम झटका बसतो.
- चेन ढिली असेल तर तोच झटका दुप्पट होतो.
- पुढचं चाक उचलून हँडल डावी-उजवीकडे सोडा. मध्येच अडकत असेल तर स्टेअरिंगचं बेअरिंग घट्ट आहे किंवा खराब झालंय. अशा गाडीची परीक्षा घेऊ नका, ती आधी दुरुस्त करा.
- मागच्या ब्रेकच्या पेडलची उंची. हे जवळजवळ सगळे विसरतात.

त्या पेडलबद्दल थोडं सविस्तर. स्पोर्ट-टूररवर पेग मागे आणि वर असतात, गुडघा दुमडलेला असतो, घोट्याला हालचालीला जागा कमी. पेडल खाली असेल तर पाऊल खूप वाकवावं लागतं, आणि उंच असेल तर पाय कायम ब्रेकवर पडून राहतो. पुढे पाय पसरायच्या क्रूझरवर अडचण वेगळी आहे. टाचेला आधार नसेल तर अख्खा पाय मांडीतून उचलून ब्रेक दाबावा लागतो. मांडीला हळुवार दाबणं जमत नाही, ते काम घोट्याचं. पेडल असं लावा की टाच टेकलेली राहील आणि फक्त चवडा हलेल. पेडल हलवल्यावर मागचा लाल दिवा वेळेवर लागतो आणि विझतो ना, हे बघा.

बॉक्स आणि बॅगा काढून ठेवा, त्या शेवटी येतील. दोन्ही टाक्या अर्ध्या भरलेल्या ठेवा. यामाहा एफजेआर१३०० सारख्या गाडीची टाकी २५ लिटरची आहे. भरली की साधारण १८ किलो पेट्रोल मांड्यांच्या मध्ये, बऱ्यापैकी उंचावर बसतं. एका गाडीत फुल टाकी आणि दुसरीत रिझर्व्ह असेल, तर तुलनेला अर्थ नाही.

सावध: काही टूरर गाड्यांत मागचं पेडल दाबलं की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. गाडीच्या पुस्तिकेत जोड-ब्रेकचा उल्लेख आहे का ते आधी वाचा. असेल तर पुढच्या सगळ्या टप्प्यांत पेडल अर्ध्या जोराने वापरा.

## टप्पा ३: कागदावरचे चार आकडे

रेक (हँडल ज्या अक्षावर फिरतं त्याचा उभ्या रेषेपासूनचा कल), ट्रेल (तो अक्ष पुढे वाढवला तर जमिनीला जिथे लागतो, तिथून टायर किती मागे टेकतो), व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर) आणि सीटची उंची. उदाहरणाला कावासाकीच्याच दोन गाड्या घेऊ, व्हल्कन एस ही क्रूझर आणि निन्जा १०००एसएक्स ही स्पोर्ट-टूरर. व्हल्कन एसचा रेक ३१ अंश, ट्रेल १२० मिमी, व्हीलबेस १५७५ मिमी, सीट ७०५ मिमी. निन्जा १०००एसएक्सचा रेक २४ अंश, ट्रेल ९८ मिमी, व्हीलबेस १४४० मिमी. वजनात दोघी फार लांब नाहीत, दोन्ही २३० किलोच्या आसपास. तरीही गल्लीत त्या दोन वेगळ्या प्राण्यांसारख्या वागतात.

कारण 'फ्लॉप'. हँडल वळवलं की पुढचा भाग किंचित खाली बसतो, आणि गाडीचं वजन हँडलला आणखी आत ढकलतं. याचं माप सोपं आहे: ट्रेल गुणिले रेकचा साइन गुणिले रेकचा कोसाइन. व्हल्कनसाठी हा आकडा जवळपास ५३ मिमी येतो, निन्जासाठी ३६. एफजेआरचा रेक २६ आणि ट्रेल १०९, म्हणजे सुमारे ४३. आकडा जेवढा मोठा, तेवढं संथ वेगात हँडल धरून ठेवावं लागतं.

व्हीलबेसचा हिशेब वेगळा. दोन्ही गाड्यांचं हँडल ३० अंश वळवलं आणि गाडी सरळ उभी ठेवली, तर व्हल्कनच्या मागच्या चाकाच्या वर्तुळाची त्रिज्या साधारण ३.२ मीटर येते, निन्जाची २.७. कागदावर निन्जा जिंकली. पण स्पोर्ट-टूररचं हँडल बऱ्याचदा तेवढं वळतच नाही, कारण टाकी आणि फेअरिंग (पुढचं आवरण) मध्ये येतात. म्हणून कागदावर निकाल लावू नका. हे आकडे फक्त मैदानात काय शोधायचं ते सांगतात.

## टप्पा ४: इंजिन बंद, गाडी उभी

१. हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. पुढच्या चाकाखाली खडूने दोन रेषा मारा आणि मधला कोन मोजा. त्याचा निम्मा म्हणजे तुमचा खरा लॉक, हँडल एका बाजूला जेवढं वळतं तेवढा कोन.

२. टोकाला असताना हात कुठे आहेत बघा. खाली बसवलेल्या हँडलवर अंगठा आणि टाकी यांच्यात बोटभर जागा तरी उरते का? क्रूझरच्या रुंद हँडलवर बाहेरचा हात एवढा लांब जातो की खांदा ओढला जातो. डाव्या वळणात तो बाहेरचा हात उजवा, म्हणजे थ्रॉटलचा. उजव्या वळणात उलट: मनगट पोटाजवळ येऊन दुमडतं आणि नकळत रेस वाढते. दोन्ही बाजूंना थ्रॉटल बारीक फिरवून बघा. हात पोचत नसेल तर हँडल मागे-पुढे सरकवता येतं का ते तपासा. आणि हो, पाठीतून थोडं वळलात तरी निम्मा प्रश्न सुटतो.

३. पाय टेकून गाडी हळूच एका बाजूला कलती करा, पाच-सहा अंश. पुन्हा सरळ करा. क्रूझरचं वजन खाली असतं, ती ऐकते. स्पोर्ट-टूरर थोडी कलली तरी मांडीवर ओझं येतं. कुठे 'आता जड झाली' असं वाटतं, ती जागा लक्षात ठेवा.

इथे बरेच जण म्हणतात, 'बघा, उंच गाडी तोलायला अवघड.' उभी असताना, हो. चालताना मात्र गोष्ट उलटू शकते. तळहातावर लांब काठी उभी ठेवता येते, पेन्सिल ठेवता येत नाही, कारण लांब काठी हळू पडते आणि सावरायला वेळ मिळतो. वजन उंचावर असलेली गाडीही तशीच हळू कलते. त्यामुळे रांगत्या वेगात स्पोर्ट-टूरर कधी कधी क्रूझरपेक्षा शांत चालते आणि मालकालाच नवल वाटतं.

## टप्पा ५: सरळ रेषेत कासवगती

दोन खुणा २० मीटर अंतरावर. पहिल्या गिअरमध्ये, पाय पेगवर, मोबाइलवर वेळ. सुरुवातीचं लक्ष्य १५ सेकंद, म्हणजे ताशी ५ किमीच्या किंचित खाली.

पद्धत दोन्ही गाड्यांना एकच. रेस थोडी वाढवून तिथेच ठेवायची. वेग क्लचने द्यायचा आणि मागच्या ब्रेकने रोखायचा. रेस कमी-जास्त करत बसलात तर गाडी डुलत राहील. क्लच पूर्ण सोडायचा नाही, पूर्ण दाबायचाही नाही. हाफ क्लचची जी दोन-चार मिलिमीटरची पट्टी आहे, त्यातच बोटं हलवायची.

फरक हाताला जाणवतो. मोठ्या व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या) क्रूझरला खालच्या आरपीएमवर भरपूर ओढ असते, क्लच जरा सोडला की गाडी निघते. पण आरपीएम फार पडले की इंजिन एकेक धक्का देत चालतं आणि तो धक्का हँडलपर्यंत येतो. त्यावर उपाय म्हणजे थोडी जास्त रेस, थोडा जास्त मागचा ब्रेक. चार सिलिंडरची स्पोर्ट-टूरर गुळगुळीत असते, पण पहिला गिअर उंच, म्हणजे त्यातही गाडी वेगात जाते, म्हणून क्लच जास्त वेळ घासावा लागतो. तिला रेन मोड असेल तर तो लावा. त्यात रेस सौम्य येते आणि या कामाला तेच हवं.

तपासा: नजर कुठे आहे? पुढच्या चाकाकडे असेल तर ८-१० सेकंदांतच पाय खाली येईल. नजर दुसऱ्या खुणेच्याही पलीकडे ठेवा. १५ सेकंद दोन्ही गाड्यांवर सलग तीनदा जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सावध: क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर हे घासणं तो सहन करतो. कोरड्या क्लचच्या गाड्या, उदाहरणार्थ २०१४ च्या आधीची बीएमडब्ल्यू आर१२००आरटी, लवकर तापतात. जळका वास आला की इंजिन बंद करून दहा मिनिटं चहा प्या.

## टप्पा ६: थांबणं

वळणाच्या आधी थांबायला शिका. संथ वेगात गाड्या बहुतेक वळताना पडत नाहीत, वळता वळता थांबताना पडतात.

माझी एक स्पोर्ट-टूरर अशीच गेली. यू-टर्न अर्धा झाला होता, हँडल उजवीकडे टोकाला, आणि उभ्या असलेल्या मोटारीचा दरवाजा उघडला. दोन बोटं सवयीने पुढच्या ब्रेकवर गेली. गाडी घसरली नाही, नुसती जागच्या जागी थांबली आणि उजवीकडे कोसळली. उजवा पाय ब्रेकवरून निघून जमिनीवर पोचेपर्यंत ती माझ्या ताब्याबाहेर गेलेली होती. ब्रेकचा लिव्हर मुळापासून तुटला, आरशाचं आवरण निघालं. वेग असेल ताशी पाचएक. एबीएस होतं. त्याचा काय उपयोग? चाक लॉक होऊन घसरलंच नव्हतं.

म्हणून या टप्प्यात असं करा: ताशी १० किमीने या, हलकं वळण घ्या, आधी हँडल सरळ करा, मग मागच्या ब्रेकने थांबा आणि डावा पाय टेका. दहा वेळा. उजवा पाय टेकण्याची सवय असेल तर ती इथेच मोडा. तो गेला की मागचा ब्रेकही गेला.

क्रूझरवर या टप्प्याला एक वेगळी अडचण येते. पेग पुढे असतील तर पाय सरळ खाली पडत नाही, पुढून मागे आणावा लागतो. घाईत तो जमिनीवर पुढेच टेकतो, गाडी चालत राहते, आणि पोटरी पेगवर आपटते. गाडी जवळजवळ थांबल्यावरच पाय काढा, आणि तो सीटच्या शेजारी टेका.

## टप्पा ७: वर्तुळ

१२ मीटर व्यासाचं वर्तुळ खडूने काढा. आधी डावीकडे, मग उजवीकडे, प्रत्येकी पाच फेऱ्या. नंतर १० मीटर, मग ८. मान वळवा, डोळे वर्तुळाच्या समोरच्या कडेवर ठेवा.

इथे वेगाचा हिशेब माहीत असावा. ३ मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी १० किमीला साधारण १५ अंश कलावं लागतं, १२ ला २१ अंश, १५ ला ३० अंश. म्हणजे स्पीडोमीटरचा काटा पाचच आकडे सरकतो आणि कल दुप्पट होतो. फूटबोर्डच्या (पेगऐवजी पाय ठेवायला रुंद पाट्या असलेल्या) बऱ्याच जड क्रूझर ३० अंशांच्या आसपास घासायला लागतात. ठिणग्या बघून 'ही गाडी वळत नाही' म्हणणाऱ्याला खरं तर दोन-तीन किमी हळू चालवायची असते.

अंग बाहेर, गाडी आत. संथ वेगात आपण वळणाच्या उलट बाजूला झुकायचं आणि गाडी खाली ढकलायची, म्हणजे वर्तुळ लहान होतं. क्रूझरच्या रुंद सीटवर एका कुल्ल्यावर सरकणं सोपं. पण लक्षात घ्या, असं केल्याने गाडी एकटी जास्त कलते, म्हणून ती आणखी लवकर घासते. क्रूझरवर थोडंच सरका, वेग कमी ठेवा. स्पोर्ट-टूररवर उलट, कल भरपूर शिल्लक असतो आणि हँडल अडलेलं असतं, म्हणून तिथे ही युक्ती पुरेपूर वापरा. फक्त हातांवरचं वजन काढा, कोपर सैल ठेवा. हातांवर रेलून बसलेला माणूस हँडल वळूच देत नाही.

क्रूझरचं हँडल आत पडायला लागलं की ओढून सरळ करायला जाऊ नका. आतल्या हाताने त्याला हलका टेकू द्या, आणि क्लच किंचित सोडा. मागचं चाक ढकलायला लागलं की गाडी आपोआप उठते.

सावध: घासण्याचा आवाज आला तर दचकून रेस बंद करू नका. दुमडणारा पेग किंवा फूटबोर्ड घासला तर तो इशारा समजा. सायलेन्सर किंवा स्टँडचा घट्ट भाग टेकला तर मात्र चाक जमिनीवरून उचललं जाऊ शकतं, तेव्हा तिथवर जाऊच नका.

## टप्पा ८: यू-टर्न आणि आठाचा आकडा

दोन समांतर रेषा, ९ मीटर अंतर. जमलं की ७.५ मीटर. ब्रिटनच्या मोटरसायकल परवान्याच्या चाचणीत यू-टर्नला एवढीच रुंदी असते, त्यामुळे हे लक्ष्य अवास्तव नाही.

वळण सुरू करण्यापूर्वी वेग ठरवून घ्या, मान मागे फिरवा, मग हँडल. उलट क्रमाने केलं की वर्तुळ रुंदावतं आणि घाबरून पाय बाहेर येतो. ७.५ जमल्यावर आठाचा आकडा. त्यात बाजू बदलण्याचा क्षण महत्त्वाचा. स्पोर्ट-टूरर तिथे पटकन उलटते, क्रूझरला अर्धा सेकंद आधी सांगावं लागतं.

## टप्पा ९: ढकलणं

लवकर आटपणारा टप्पा. गाडीवर बसून पायांनी मागे ढकला, मग उतरून ढकला. बसून ढकलण्यात क्रूझर सरळसरळ जिंकते. उतरून ढकलताना फरक कमी होतो, आणि रुंद हँडल पोटात घुसल्यावर तर कधी कधी उलटाही होतो. उतार असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवून क्लचनेच रोखत न्या.

## टप्पा १०: नोंद आणि उलट फेरी

प्रत्येक टप्प्यानंतर लगेच लिहा: सेकंद, रुंदी, पाय किती वेळा टेकला, काय घासलं. 'मस्त वाटली', 'जड वाटली' असं लिहू नका.

आणि ज्या चुकीमुळे सगळी मेहनत वाया जाते ती ही: पहिली गाडी चालवताना आपण थंड असतो, दुसरीवर बसेपर्यंत हात बसलेला असतो. म्हणून दुसरी नेहमीच बरी वाटते. क्रूझर, मग स्पोर्ट-टूरर, मग पुन्हा क्रूझर असा क्रम ठेवा. क्रूझरच्या दोन फेऱ्यांत मोठा फरक पडला तर तो सरावाचा आहे, गाडीचा नव्हे. मग दुसऱ्या दिवशी स्पोर्ट-टूररने सुरुवात करा. एका बैठकीत तास-सव्वा तासाहून जास्त नको. डावा पंजा थकला की हाफ क्लच जातो आणि आकडे खोटे बोलायला लागतात.

शेवटी बॉक्स लावा, नेहमीचं सामान भरा, टाकी फुल करा आणि टप्पा ५, ६ आणि ८ पुन्हा करा. बॉक्स मागच्या चाकाच्याही मागे आणि उंच असतील तर पुढचं चाक हलकं होतं, आणि आधी ७.५ मीटरमध्ये वळलेली गाडी कदाचित साडेआठ मागेल. ती रुंदी खडूने आखा आणि नजरेत बसवून घ्या, कारण सामान भरून निघालात की वळायला तेवढी जागा लागणार आहे.